‘बारा पॉइंट झीरो’मधला झीरो गेला कुठे?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच दुखण्याची, म्हणजे तक्त्यात आकडे नीट न उमटण्याची निघाली, म्हणून ती एकत्र घेते आणि बाकीची पुढच्या अंकावर ढकलते. एक सूचना आधीच करून ठेवते. ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणक-भाषेतल्या आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनसमोर बसलात की ती रोमन लिपीत टाइप करायची आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळायचा. ‘फॉरमॅटसी’मधला शेवटचा सी मोठा असतो. तो लहान टाकलात तर आर ओळखच दाखवत नाही.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी नर्सिंगमध्ये पीएचडी करते आहे. आठ गावांतल्या गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन हा माझा विषय. सांख्यिकीचं सगळं काम आरमध्ये केलं, कारण ते फुकट मिळतं आणि गाइड सरांचाही आग्रह होता. पण माझा चौथा तक्ता सरांनी तीनदा परत पाठवला. एका ओळीत ११.४ ± १.२, त्याखाली नुसतं १२ ± ०.९, त्याखाली १०.९ ± १. खर्चाच्या रकान्यात एका गावापुढे चक्क १ई+०५ असं काहीतरी आलंय. शिवाय ८ पैकी ५ गावांचे टक्के पूर्णांकात केले तर आर ६२ देतो आणि एक्सेल ६३. सर म्हणतात, ‘आधी आकडे एका रांगेत उभे कर, मग निष्कर्ष वाचतो.’ मी सगळीकडे राउंड वापरलंय, तरी असं का होतं?
– एक वाचिका, लातूर

उत्तर : तुमच्या सरांना मी थोडं झुकतं माप देणार. तक्ता हातात घेणारा माणूस आकडे नंतर वाचतो, आधी रकाना बघतो. रकाना वेडावाकडा दिसला की त्याच्या मनात येतं, मोजमापही असंच केलं असेल. पण यात तुमची चूक अर्धीच आहे.

माझे वडील सांगलीत एका कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. पावतीवर ते कधी ‘रु. १२’ लिहीत नसत, ‘रु. १२=००’ लिहीत. लहानपणी मला ती दोन शून्यं म्हणजे शाईची उधळपट्टी वाटायची. ते म्हणत, ‘शून्य लिहिलं म्हणजे पैसे मोजून झाले. नाही लिहिलं तर कुणालाही वाटेल, मोजायचे राहिले.’ तुमच्या तक्त्यातल्या १२ चं नेमकं तेच झालंय. ११.४ आणि १०.९ यांच्यामध्ये उभा राहिलेला बोडका १२ बघून कळत नाही की त्या गावाची सरासरी एका दशांशापर्यंत काढली, की कुणी अंदाजे बारा लिहून टाकले.

तुमच्याच विषयातलं उदाहरण देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण ५७.० टक्के छापलं आहे. आधीच्या फेरीत ते ५३.१ होतं. त्या ५७ पुढचा शून्य तिथे कुणी शोभेला ठेवलेला नाही. ५३.१ ज्या बारकाईने मोजलं त्याच बारकाईने हेही मोजलंय, एवढी साक्ष तो देतो.

आता तुमचा शून्य कुठे सांडला ते बघू. समजा, तीन गावांच्या सरासऱ्या ११.३८, १२.०४ आणि १०.८७ आहेत. राउंडने त्यांचे ११.४, १२.० आणि १०.९ केले. पण मशीनच्या पोटात १२.० आणि १२ ही एकच किंमत. शून्य हा लिहिण्याचा भाग, किमतीचा नव्हे. तिन्ही आकडे एकत्र पडद्यावर दाखवताना आर समजूतदारपणे सगळ्यांना सारखे दशांश देतो, म्हणून तिथे तुम्हाला १२.० च दिसलं असणार आणि शंका आली नसणार. मग तुम्ही ‘पेस्ट’ ही आज्ञा वापरून सरासरी, ± आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप) एकमेकांना चिकटवलंत. पेस्ट प्रत्येक आकडा सुटा उचलतो आणि त्याची अक्षरं करतो. शेजारी कोण उभं आहे ते बघत नाही. तिथे १२.० चा १२ झाला आणि खालच्या ओळीतल्या १.० चा १.

उपाय एका ओळीचा आहे : एसप्रिंटएफ ही आज्ञा. त्याला आधी अवतरणचिन्हांत एक साचा द्यायचा. टक्क्याचं चिन्ह, टिंब, एक, एफ. मग मोकळी जागा, ±, मोकळी जागा. मग पुन्हा टक्का, टिंब, एक, एफ. साचा संपला की स्वल्पविराम देऊन सरासरीचा रकाना आणि विचलनाचा रकाना. टक्का म्हणजे ‘इथे आकडा बसव’. टिंब-एक म्हणजे ‘टिंबानंतर एक अंक, मग तो शून्य का असेना’. एफ म्हणजे ‘साध्या दशांशात लिही, घातांकात शिरू नकोस’. चकलीच्या सोऱ्यात ताटली बसवल्यासारखं आहे हे. पीठ कुठल्याही भांड्यातून येवो, बाहेर पडणारी धार एकाच नक्षीची. आठही गावं एका दमात : ११.४ ± १.२, १२.० ± ०.९, १०.९ ± १.०. आधी राउंड करायची गरजच नाही, ती ओळ पुसून टाका. आणि साच्यात खरोखरचं टक्क्याचं चिन्ह छापून हवं असेल तर ते दोनदा लिहायचं. एकदा लिहिलंत तर आर त्याला आकड्याची जागा समजतो आणि पुढचा आकडा शोधत बसतो.

१ई+०५ चं कोडं मी गाव न बघता सांगते : त्या गावाचा खर्च बरोब्बर एक लाख आहे. १ई+०५ म्हणजे १ गुणिले दहाचा पाचवा घात. आकडा लिहिताना आर साधा आणि घातांकाचा अशा दोन पर्यायांची लांबी मोजतो. १००००० ला सहा घरं लागतात, १ई+०५ ला पाच. जे आखूड ते त्याने उचललं. खर्च १,२३,४५६ असता तर काहीच झालं नसतं, म्हणूनच रकान्यातला तेवढा एकच आकडा बिघडला. फाइलच्या पहिल्या ओळीत ऑप्शन्समध्ये ‘सायपेन’ची किंमत ९९९ करून ठेवा, म्हणजे घातांकाची वाट त्याला फार महाग पडते आणि तो त्या वाटेला जात नाही. खर्चही एसप्रिंटएफमधून काढलात तर तेही लागणार नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण साच्यातून काढलेले आकडे ही आता अक्षरं झाली, आकडे राहिले नाहीत. मुली माझ्याकडे येतात आणि सांगतात, ‘मॅडम, ९.८ सगळ्यात खाली गेलं, वर यायला हवं होतं.’ अक्षरांच्या क्रमात १०.९ चा १ हा ९.८ च्या ९ आधी येतो, म्हणून सर्वांत कमी हिमोग्लोबिनचं गाव तळाला जाऊन बसतं. क्रम लावणं, बेरजा, तुलना हे सगळं कच्च्या आकड्यांवर उरकायचं आणि साचा अगदी शेवटी, तक्ता बाहेर काढताना लावायचा. मी तर माझ्यापुरते तीन छोटे फंक्शन (म्हणजे स्वतः बनवलेल्या आज्ञा) लिहून ठेवले आहेत : एक सरासरीसाठी, एक टक्क्यांसाठी, एक पैशांसाठी. प्रबंधातला प्रत्येक तक्ता त्या तिघांपैकी कुणाच्या तरी हातून जातो. गाइडनी ‘दोन दशांश करा’ म्हटलं तर एका जागी एकाचे दोन करायचे.

आता ६२ आणि ६३. इथे खरी गंमत आहे.

८ पैकी ५ म्हणजे ६२.५ आणि उरलेली ३ म्हणजे ३७.५. दोन्ही बरोब्बर मधोमध. शाळेत आपल्याला शिकवलं की पाच आला की वर. एक्सेल तोच नियम पाळतं : ६३ आणि ३८. बेरीज करा, १०१. आर बरोब्बर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम आकड्याकडे नेतो, आयईसी ६०५५९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकातला नियम तसा आहे : ६२ आणि ३८. बेरीज १००. एक आणि सात गावांचं करून बघा. शाळेच्या नियमाने १३ आणि ८८, आरच्या नियमाने १२ आणि ८८. प्रत्येक अर्धा वरच ढकलला की एकूण हळूहळू फुगत जाते. सम-विषमात वाटला तर निम्मे वर जातात, निम्मे खाली. तेव्हा आर चुकलेला नाही.

म्हणून एक्सेल चुकलं असंही नाही. दोन नियम आहेत, एक निवडायचा आणि ‘पद्धती’च्या प्रकरणात एका वाक्यात लिहून टाकायचं. अर्धा प्रबंध आरमधून आणि अर्धा एक्सेलमधून काढला की मात्र पंचाईत. सरांना शाळेचाच नियम हवा असेल तर जॅनिटर नावाच्या पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे आरला वरून जोडायचा तयार आज्ञांचा संच) ‘राउंड हाफ अप’ ही आज्ञा तयार आहे. प्रत्यक्ष मोजलेल्या हिमोग्लोबिनच्या सरासरीत असा काटेकोर अर्धा क्वचितच येतो. तो सतावतो ८, ४० असल्या छोट्या छेदांच्या टक्केवारीत.

काही अर्धे नुसते दिसायला अर्धे असतात. २.६७५ चे दोन दशांश करा म्हटलं तर आर २.६७ देतो आणि लोक म्हणतात, हे तर सम-विषमातही बसत नाही, सम तर ८ आहे. आरला सांगा, हाच आकडा वीस अंकांत दाखव. तो २.६७४९९९९ असं काहीतरी दाखवेल. मशीन आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतं आणि त्यात २.६७५ नेमका मावत नाही, केसभर कमी साठतो. तो अर्ध्यावर नव्हताच.

पण मला विचाराल तर ८ गावांचे टक्के काढूच नका. ‘८ पैकी ५ गावं’ असं लिहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहणाऱ्या देवनारच्या संस्थेचाच दंडक बघा. ६ लाखांहून जास्त घरांत जाऊन आलेली ही मंडळी, तरी एखाद्या गटात २५ ते ४९ च जणी असतील तर टक्केवारी कंसात टाकतात, आणि २५ पेक्षा कमी असतील तर आकडा न छापता नुसती चांदणी देतात. भाजीवाली पावशेरात तोलते, सोनार मिलिग्रॅममध्ये. तराजू भाजीचा असताना मिलिग्रॅम लिहिले की ते खोटंच दिसतं. तुमचं यंत्र हिमोग्लोबिन एका दशांशापर्यंत दाखवत असेल तर सरासरी एका किंवा फार तर दोन दशांशांत द्या. ११.३८४६ बघून परीक्षक खूश होत नाही.

कंसांवरून माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुम्ही त्या खड्ड्यात पडणार नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे तक्ते मी करून दिले. संख्या एका रकान्यात आणि टक्के शेजारच्या रकान्यात कंसात : २७, मग (१२). आरमध्ये सगळं देखणं दिसत होतं. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर-फाइल) करून पाठवली, तिने ती स्प्रेडशीटमध्ये उघडली, तिथून वर्डमध्ये आणली, आणि काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांत प्रबंध बांधून आला. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, ‘उणे बारा टक्के बायका म्हणजे नक्की कोण?’ हिशेबनिसांच्या जगात कंसातला आकडा म्हणजे तोटा. स्प्रेडशीटने इमानेइतबारे प्रत्येक कंस काढून उणे चिन्ह लावलं होतं. पूर्ण रकाना उणे! पोरगी रडवेली झाली. चूक माझी होती. फाइल पाठवण्याआधी मी ती एकदा उघडूनही बघितली नव्हती.

तेव्हापासून संख्या आणि टक्के मी एकाच चौकटीत ठेवते, ‘२७ (१२)’ असं. त्याला कुणी आकडा समजत नाही, त्यामुळे कुणी हात लावत नाही. वयोगटाचंही तसंच. ‘३-५’ लिहिलंत तर सीएसव्हीतून उघडताना त्याची ३ मे होते. ‘३ ते ५’ लिहा, प्रश्न मिटला. आणि शक्य असेल तर सीएसव्हीचा वळसाच टाळा. फ्लेक्सटेबल पॅकेज आरमधून थेट वर्डची फाइल काढून देतं, मधे कुणाची लुडबुड नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रत्नागिरीत एका सामाजिक संस्थेत आहे. आमचा वार्षिक अहवाल मराठीत निघतो. आरने केलेल्या तक्त्यांत स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर येतात, आणि अध्यक्षांना लाख-कोटी दिसले पाहिजेत. शिवाय आकडे देवनागरी हवेत. सध्या एक मुलगा बसून हाताने बदलतो. काही सोय आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्या मुलाला आधी चहा पाजा. हाताने बदललेल्या आकड्यांत एक तरी चूक राहतेच, आणि ती नेमकी अध्यक्षांनाच दिसते.

आरचे नेहमीचे मार्ग, म्हणजे फॉरमॅट किंवा फॉरमॅटसी यांना ‘बिग मार्क’ म्हणून स्वल्पविराम दिला तर ते ठरावीक अंतरावरच टाकतात. अंतर तीनचं दोन करता येतं, पण पहिलं तीनवर आणि मग दोन-दोनवर, हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ११,२३,७४,३३३. तिची ते ११२,३७४,३३३ करतात, आणि ती वाचताना आपल्याला बोटांवर मोजावं लागतं.

दोन वाटा आहेत. जीटी नावाचं तक्त्यांचं पॅकेज वापरत असाल तर त्यातल्या ‘एफएमटी नंबर’ या आज्ञेला ‘सिस्टिम’ म्हणून ‘आयएनडी’ सांगा. लाख-कोटी आपोआप. नसाल वापरत तर स्वतःचं फंक्शन लिहा, आणि त्यासाठी नियम असा डोक्यात ठेवा : ज्या अंकाच्या उजवीकडे तीन, पाच, सात असे विषम संख्येने अंक उरतात, त्या अंकानंतर स्वल्पविराम. ११२३७४३३३ वर बोट ठेवून बघा. डावीकडून दुसऱ्या अंकापाशी पुढे सात उरतात, तिथे विराम. चौथ्यापाशी पाच, विराम. सहाव्यापाशी तीन, विराम. नंतर एकच अंक उरतो तिथे काही नाही, कारण किमान तीन हवेत. हा नियम ‘जीसब’ या शोधून बदलणाऱ्या आज्ञेत एका ओळीत लिहिता येतो, फक्त ‘पर्ल’ हा पर्याय चालू करायचा, कारण पुढचे अंक न उचलता नुसतं डोकावून बघण्याची सोय त्यातच आहे. टिंबानंतरचे अंक आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर तिथेही विराम पडतील.

देवनागरी अंकांना तर काहीच कष्ट नाहीत. ‘सीएचएआर-टीआर’ ही आज्ञा एका अक्षराच्या जागी दुसरं बसवते. पहिल्या अवतरणात शून्य ते नऊ इंग्रजी अंक ओळीने, दुसऱ्यात ०१२३४५६७८९, तिसऱ्या जागी तुमचा रकाना. झालं. पण ही पायरी सर्वांत शेवटची, स्वल्पविरामांच्याही नंतरची. एकदा १२ देवनागरीत गेला की आर त्याला आकडा म्हणून परत घेत नाही. पुन्हा आकडा करायला सांगितलं तर हाती ‘एनए’ (म्हणजे किंमत नाही) देतो.

छापताना फाँट एकदा तपासा. काही देवनागरी फाँटांत १ बारीक आणि ५ रुंद असतो, मग उजवीकडे ओळीत लावूनही अंकाखाली अंक येत नाही. असा फाँट परिच्छेदांना चालतो, तक्त्याला नाही. आणि एकाच तक्त्यात अर्धे इंग्रजी, अर्धे देवनागरी अंक कृपा करून ठेवू नका. लग्नपत्रिकेत तारीख एका लिपीत आणि मुहूर्त दुसऱ्या लिपीत असतो तसं दिसतं ते.

अहवाल सामान्य वाचकांसाठी असेल तर पूर्ण आकड्यांचा हट्ट सोडून रकान्याच्या डोक्यावर ‘लाखांत’ लिहिणं मला आवडतं. २०११ ची ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या (तेव्हा पालघर वेगळं झालेलं नव्हतं) १,१०,६०,१४८ आणि शेजारच्या ओळीत सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. लाखांत ११०.६ आणि ८.५. डोळ्यांना लगेच फरक कळतो. मात्र ते ८.५ मूळ आकड्यावरून काढलेलं हवं, आणि त्याच्यावरून पुढे काहीही काढायचं नाही. कुणीतरी पुढच्या पानावर पूर्ण लाखांचा तक्ता करताना मूळ फाइल न शोधता या ८.५ वरूनच शाळेच्या नियमाने ९ लिहितो. मूळ आकडा साडेआठ लाखांच्या खाली होता, त्याचे ८ च व्हायला हवेत. दोनदा गोल केल्यावर सिंधुदुर्गात ५०,३४९ माणसं कागदावरच जन्माला आली! अहवालात असं गाव वसवू नका.

प्रश्न : मॅडम, माझ्या तक्त्यात पी-व्हॅल्यूच्या रकान्यात ०.००० येतंय आणि फरकाच्या रकान्यात एका जागी -०.०. मित्र म्हणतो चालतं. चालतं का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : मित्राचं चालत असेल, तुमचं चालवू नका.

पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता. ०.००० म्हणजे ती शक्यता शून्य, असं कुठल्याही चाचणीतून निघत नाही. ती फक्त तीन दशांशांत मावेनाशी झाली. ‘०.००१ पेक्षा कमी’ या अर्थी <०.००१ लिहायचं. आरमध्ये फॉरमॅट, टिंब, पीव्हॅल अशी आज्ञा आहे. तिला ‘ईपीएस’ म्हणून ०.००१ दिलंत की त्याखालचे सगळे आकडे ती आपणहून तसे लिहिते. <०.००० मात्र कधीही नाही. शून्याहून कमी शक्यता मी अजून पाहिलेली नाही, प्रबंधांतच पाहिली आहे.

याच रकान्यात आणखी एक ठिकाणी पाय घसरतो. पी ०.०४९६ असेल तर दोन दशांशांत ते ०.०५ दिसतं आणि तीनमध्ये ०.०५०, आणि शेजारी तुम्ही ०.०५ पेक्षा कमी असल्याची चांदणी लावलेली असते. वाचणारा म्हणणार, ही चांदणी कशाची? चांदणी नेहमी कच्च्या आकड्यावरून ठरवा आणि अशा एखाद्याच ओळीत चार दशांश द्या. सारखेपणाचा माझा एवढा आग्रह, पण इथे मी तो मोडते.

-०.० मूळचा -०.०४ असतो. एका दशांशात तो शून्य झाला, पण उणे चिन्ह चिकटून राहिलं, कारण मशीनच्या हिशेबात उणे शून्य अशी वेगळी चीज असते. आधी राउंडने एक दशांश करा, त्यात अधिक शून्य मिळवा आणि मग एसप्रिंटएफमधून काढा. उणे शून्यात शून्य मिळवलं की साधा शून्य होतो आणि ०.० छापून येतं. आता तुम्ही म्हणाल, लातूरच्या ताईंना राउंड पुसायला सांगितलंत आणि मला घालायला. तिथे त्याचं काही काम नव्हतं, इथे आहे.